चेसिस नंबर कुणी पुसला?

१

नंबर चोरीला जातो, हे रुख्माबाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. सायकल जाते, कोंबडी जाते, खळ्यावरचं धानसुद्धा जातं. पण लोखंडात ठोकलेला नंबर?

"गाडी जागेवर आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे ना बाई. गाडी आहे, चाकं आहेत, हॉर्न बी वाजते. नंबर तेवढा नाई." एवढं बोलून सोनिका ओट्यावर बसली आणि ओढणीत तोंड खुपसून रडू लागली.

रुख्माबाई दवनीवाड्याच्या आरोग्य उपकेंद्रातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या होत्या. सोनिका त्यांच्याच हातांवर जन्मलेली. रडणाऱ्या माणसासमोर काय बोलावं हे त्यांना कधीच जमलं नाही, म्हणून त्या प्रश्न विचारत. प्रश्न विचारण्याची त्यांना खोडच होती, आणि ती आपली खोड आहे की गुण, हेही त्यांना ठरवता आलेलं नव्हतं.

"रडायचं ते मग रड. आधी लक्षणं सांग. पहिल्यापासून."

लक्षणं अशी होती. सोनिकाचे वडील तेजराम वारले, त्यांची अँबेसेडर मागे राहिली. ब्याण्णवची गाडी, यंदा पंधरा वर्षं भरली. आता ती पुन्हा आरटीओला दाखवून पास करून घ्यायची होती. सोनिकाचा मोठा भाऊ तिलक महिनाभर त्याच उद्योगात होता. ब्रेक झाले, वायपर झाले, कुजलेला पत्रा ठोकून रंग झाला. हे सगळं काम कुडव्याच्या गॅरेजवाल्या धर्मेंद्रने केलं. आणि धर्मेंद्र म्हणजे सोनिकाचा होणारा नवरा. उन्हाळ्यात साक्षगंध झालेलं, तुळशीच्या लग्नानंतर यांचं लग्न.

"पासिंगच्या वेळी साहेब त्या नंबरावर कागद ठेवते आणि वरून पेन्सिल घासते," सोनिका नाक पुसत म्हणाली. "कागदावर छाप उमटला पाहिजे. बॉनेटखाली एका लोखंडी पट्टीवर आहे तो. वरती ग्रीसचा थर होता. रविवारी यांनी तारेच्या ब्रशनं घासून घासून चांदीसारखा काढला. सोमवारी सकाळी बी होता, दादानं पाहिला. आज सकाळी बॉनेट उघडलं तर पट्टी काळी, गुळगुळीत. एक आकडा नाई."

"मग?"

"मग दादानं यांना फोन केला आणि चोर म्हणाला."

रुख्माबाईंनी चष्मा काढून पुसला.

"नंबर नसलेली गाडी म्हणजे चोरीचीच, असं म्हणते दादा. गुरुवारी पासिंग आहे. उद्या सकाळी ठाण्यात जाऊन यांच्या नावानं रिपोर्ट देतो म्हणते. कुडव्यात यांच्या घरी पोलीस गेला, तर मग कायचं लग्न बाई?"

२

तेजरामच्या अंगणात अँबेसेडर नवरदेवासारखी सजून उभी होती. पांढरा रंग नवा, दिवे लख्ख. बॉनेट मात्र उघडं आणि समोर तिलक, हाताची घडी घालून, पहाऱ्यावर असल्यासारखा.

"पाहा बाई, पण हात लावू नका. पोलिसाले जसंच्या तसं दाखवायचं आहे."

रुख्माबाई वाकल्या. उजव्या अंगाला लोखंडी पट्टी होती. आजूबाजूला धुळीचा मळकट थर, आणि मधे वीतभर जागा काळीभोर, चकचकीत. त्यांनी डोळा पट्टीच्या पातळीला आणून आडवं पाहिलं, जसं त्या लेकराच्या अंगावरचं पुरळ पाहत. मग खाली वाकून मातीही पाहिली.

"लोखंडाचा कीस पडलेला दिसत नाही कुठं."

"झाडून नेला असंल. ग्राइंडर मारला, वरून काळा पेंट मारला. गॅरेजवाल्याले काय कठीण आहे?"

"ग्राइंडर लायटीवर चालतो ना रे? काल लोडशेडिंग होतं. माझा पंखा दिवसभर बंद होता."

तिलकने पट्टीकडे पाहिलं. "मग कानशीनं घासला असंल."

"पण त्याने कायले घासावं?"

"कायले म्हणजे? साक्षगंधाच्या दिवशी काय बोलला तो? 'आंदण काही नको, ही गाडीच द्या!' पंचवीस माणसात बोलला. सगळे हसले, मी बी हसलो. आता समजते. पासिंग नाही झालं तर गाडी भंगारात जाईन, आणि भंगारातून इंजिन कोण उचलंल?"

एक थट्टा केवढी महाग पडते, असं रुख्माबाईंच्या मनात आलं. त्यांनी विचारलं, "काल घरी कोण कोण आलं होतं?"

उत्तर तिलकच्या आईने, मुन्नीबाईंनी दिलं. त्या दारात बसून तांदूळ निवडत होत्या, एका हाताने, कारण दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला चिंधी बांधली होती. "तिलक बांधीत गेलता, पोरगी शिवणाच्या क्लासले. पहिले जावई आले, हॉर्नची तार जोडून गेले. मंग धनेंद्र आला, जॅक घेऊन गेला. मंग तो चुन्नीलाल दलाल. बस. नंबर तर मी कोणाले नेताना नाई पाहिलं बाप्पा."

"अंगठ्याला काय झालं?"

"भाजला चुलीपाशी."

रुख्माबाईंनी पिशवीतून कापूस काढला. चिंधी सोडली. अंगठ्याच्या पेरावर, नेमका ठसा उमटवायच्या जागी, एक गोल चट्टा होता आणि वरची कातडी सोलल्यासारखी निघालेली. चुलीचं भांडं लागलं तर आडवा चरका बसतो. हा तसा नव्हता. त्यांना काहीतरी वाटलं, पण काय ते कळेना. त्यांनी मलम लावलं आणि विषय सोडून दिला.

निघताना तिलक मागून म्हणाला, "बाई, संध्याकाळपर्यंत काही निघालं तर सांगा. नाही तर उद्या सात वाजता मी ठाण्यात."

३

धनेंद्र हा तिलकचा चुलतभाऊ. गाडी घेताना त्याच्या वडिलांनीही अर्धा हिस्सा घातला होता, असं तो गावभर सांगे, आणि तिलक ते गावभर नाकारी. रुख्माबाईंना तो धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर सापडला. हलकं धान कापणीला आलं होतं.

"या, या सीआयडीबाई!" तो हसला. "मले माहीत होतं, माझ्यावर येईन म्हणून."

रुख्माबाईंचे कान लाल झाले. "मी फक्त विचारते आहे."

"विचारा ना. नंबर मी खाल्ला काय? बाई, गाडी पास झाली तर मी अर्ध्या गाडीसाठी भांडीन. भंगारात गेली तर कायसाठी भांडू? तराजूसाठी?"

हे रोखठोक होतं, आणि रुख्माबाईंना पटलंही. गाडी बुडाली तर धनेंद्रचं भांडणच बुडत होतं, आणि त्या भांडणावर त्याचं फार प्रेम होतं.

"काल गेलास तेव्हा बॉनेट उघडं होतं का?"

"बंद होतं. जॅक डिकीतून काढला. काकूले आवाज दिला, तर ती चुलीपाशी विळे घेऊन बसलती. मुठी बसवून राहिलती. म्हणे, 'ने बाबा, मले बोलवू नको, हात गुंतले आहेत.' जाताना माझ्या बी दोन विळ्यांच्या मुठी बसवून दे म्हटलं, तर म्हणे आण उद्या." तो थांबला. "एक सांगू? तिलक त्या पोरावर उगाच आग पाखडून राहिला. मी तिलकचा दुश्मन आहे, पण धर्मेंद्र चोर नाई."

दुश्मनाने दिलेली साक्ष खरी मानावी, असं रुख्माबाईंनी कुठेतरी वाचलं होतं. पण वाचलेलं सगळं खरं असतं का, ही शंका घेऊनच त्या काळीपिवळी टॅक्सीत बसल्या आणि गोंदियाच्या रस्त्याला लागल्या.

४

कुडव्याच्या गॅरेजमध्ये धर्मेंद्र एका जीपखाली झोपला होता. पाय ओळखून त्यांनी हाक मारली. तो बाहेर आला, पण उठून उभा राहिला नाही.

"तुम्हाला त्यांनी पाठवलं?"

"सोनिकानं."

तो थोडा वरमला. हात पुसत म्हणाला, "बाई, फोन आला तेव्हा माझे हात ग्रीसमध्ये होते. दुकानातल्या पोराने स्पीकर चालू केला. पूर्ण दुकानाने ऐकलं. गिऱ्हाईक उभे होते. 'चोर' म्हणाले मला."

"तू काय म्हणालास?"

"काहीच नाही. काय बोलणार? जिथे नातं करायचं तिथे पंचनामा करू?" मग एकदम भडकला. "अरे, दिमाग लावायचा ना थोडा! नंबर वरून लिहिलेला नसतो बाई, ठोकलेला असतो. आत गेलेला असतो. घासून काढायचा तर तेवढं लोखंड खाली न्यावं लागते. पट्टीत खड्डा पडते खड्डा! तुम्ही पाहिली ना पट्टी? आहे खड्डा?"

रुख्माबाईंनी डोळे मिटले. सकाळचं आडवं पाहणं आठवलं. काळ्या जागेच्या कडेला उजेडाची एक बारीक रेघ होती. ती रेघ खाली उतरत नव्हती.

"नाही," त्या हळूच म्हणाल्या. "उलट ती जागा थोडी वर आलेली होती."



एवढ्यात शेजारच्या चहाच्या टपरीवरून आवाज आला, "कोई मेरा भी नाम ले रहा है क्या?" तो चुन्नीलाल होता. लोकांची आरटीओतली कामं करून देणारा दलाल. तिलकने त्याला या कामाला हात लावू दिला नव्हता, तेव्हापासून तो रागावून होता, असं गावात बोलत.

"राग? मेरे को?" चुन्नीलालने कप खाली ठेवला. "मॅडम, मेरा धंदा गाडी पास होने पे है. फेल गाडी का मैं क्या करूँगा, अचार डालूँगा? काल मी शेवटचं विचारायला गेलो होतो. अम्मा गोठ्यात होत्या. बॉनेट काठी लावून उघडं ठेवलेलं. मी डोकावलो. पट्टी काळी होती. मैंने सोचा, अरे, इसने तो ग्रीस भी नहीं निकाला, गुरुवार को रोएगा. और चुपचाप चला आया."

"म्हणजे धर्मेंद्र आणि धनेंद्र जाऊन गेल्यानंतर, तुम्ही आलात तेव्हा पट्टी काळी होती?"

"एकदम. और एक बात. तिथे पोस्टासारखा वास येत होता."

"कसला?"

"पोस्ट ऑफिस मॅडम! पार्सलवर ते लाल लाल जाळून टपकवतात, ठप्पा मारतात. वैसी बास. गाडीत पोस्ट कुठून आलं, मी म्हटलं."

धर्मेंद्र काही विचारणार, तोच रुख्माबाई उठल्या. "गाडी केव्हाची आहे परतीची?" असं म्हणत त्या धर्मेंद्रने मागवलेला चहा तसाच ठेवून निघाल्या.

५

काळीपिवळीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. काहीच काढलेलं नव्हतं, तर काहीतरी घातलेलं होतं, इथवर त्या पोचल्या होत्या. कुणी घातलं, हेही आता जवळजवळ समोर होतं. पण त्यांना छळत होता तो वेगळाच प्रश्न. ज्या माणसाने हे केलं, ते माणूस सकाळी सगळ्यांसमोर बसून, डोळ्याला डोळा भिडवून, 'मी पाहिलं नाही' असं कसं म्हणू शकलं? ते माणूस खोटं बोलणारं नव्हतं.

मग त्यांना आपली नोकरी आठवली. बाळ तापलेलं आणायचं. 'काही औषध दिलं का?' विचारलं की बाया एका सुरात म्हणायच्या, 'नाई बाई, काईच नाई.' आणि बाळाच्या छातीवर लेप, टाळूवर तेल, पोटात कसला कसला काढा. त्या बाया खोटं बोलत नसत. घरात आपण मायेने करतो ते औषध असतं, हेच त्यांना ठाऊक नसे. रुख्माबाई पुढे शहाण्या झाल्या. त्या विचारू लागल्या, 'काय लावलं? काय पाजलं?' मग भराभर उत्तरं येत.

आज दिवसभर सगळे एकच प्रश्न विचारत होते: नंबर कुणी पुसला?

त्या तेजरामच्या घरी पोचल्या तेव्हा दिवेलागण व्हायची होती. तिलक, सोनिका अंगणातच होते. रुख्माबाई मुन्नीबाईंजवळ जाऊन जमिनीवर बसल्या.

"मुन्नीबाई, काल गाडीला कुणी काही लावलं का?"

"लावलं ना. मी लाख लावली."

तिलकच्या हातातली बादली खाली आली.

"कुठे?"

"ते नाई का, जावयानं घासून ठेवलतं तिथं." मुन्नीबाई सहज सांगत होत्या. "मी बॉनेट उचकलं, म्हटलं पुसून घ्यावं. तर लोखंड पांढरं उघडं! वरून गंजाचे बारीक बारीक खड्डे. रातच्याले दंव पडते. माझ्या माहेरी घासलेला फाळ कधी उघडा ठेवत नाईत; लाख आणि काजळी गरम करून लावतेत. विळ्यांसाठी लाख चुलीवर होतीच. ती भरली खड्ड्यात, अंगठ्यानं दाबली आणि गुळगुळीत केली. बॉनेट वाळवाले उघडं ठेवलं."

"आई!" तिलक ओरडला. "ते खड्डे नाई, तोच नंबर होता! सकाळपासून मी ओरडून राहिलो, तू काऊन नाई बोलली?"

"तू म्हणे, नंबर कोणी नेला. मी कोणाचा नंबर नेला? चष्म्याबिगर मले तांदळातला खडा दिसत नाई, तुझा नंबर दिसंल?"

रुख्माबाईंनी मग सगळं उलगडून सांगितलं, चाचरत, मधेच थांबत, जणू गुन्हेगार त्याच होत्या. कीस नव्हता, म्हणून घासणं झालंच नव्हतं. पट्टीत खड्डा नव्हता, उंचवटा होता. म्हणजे वर काही चढलं होतं. चुलीवर लाख होती, कारण विळ्याच्या मुठी तिनेच बसवतात. वास पोस्टाचा आला, कारण पार्सलावरही लाखच असते. आणि वितळलेली लाख कातडीला चिकटते, ओढली की साल घेऊन निघते. मुन्नीबाईंच्या पेरावरचा गोल चट्टा हा दाबल्याचा होता. "तो तर मी सकाळी माझ्या हातानं बांधला. तेव्हाच कळायला हवं होतं," त्या शेवटी म्हणाल्या.

तिलक हसू लागला. सुटल्यासारखा, मोठ्याने. "द्या रॉकेल इकडे, पुसून टाकतो आत्ता! झालं!"

"रॉकेलने निघणार नाही, स्पिरिटने निघेल. माझ्याकडे बाटली आहे," रुख्माबाई म्हणाल्या.

"नाही निघणार," सोनिका म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. दिवसभर रडलेली ती पोरगी आता ताठ उभी होती.

"इथं कोणी हात लावायचा नाई. ज्याला चोर म्हटलं, त्याच्या हातानं निघू दे. नाही तर उद्या तुम्हीच म्हणाल, मिटलं, जाऊ दे. माझं नाई मिटलं."

मुन्नीबाईंना तेव्हा कुठे कळलं. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे... पोरीची सोयरीक माझ्यापायी..."



६

बुधवारी सकाळी सात वाजता तिलक ठाण्यात जाणार होता. त्याऐवजी त्याने अँबेसेडर कुडव्याच्या गॅरेजसमोर उभी केली. मागे सोनिका आणि रुख्माबाई. पुढे मुन्नीबाई, नवं लुगडं नेसून.

धर्मेंद्रने बॉनेट उघडलं. रुख्माबाईंनी कापूस आणि स्पिरिटची बाटली दिली आणि दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं. त्याने ओला कापूस पट्टीवर दाबून धरला, फिरवला, पुन्हा दाबला. कापूस तपकिरी झाला, काळा झाला. मग काळ्यातून एक सात वर आला. मग शून्य. गॅरेजमधली माणसं हातातली कामं टाकून जमली. चुन्नीलालही टपरीवरून कप घेऊनच आला.

आकडे सगळे आले. धर्मेंद्रने खिशातून कागद काढला, वर ठेवला, पेन्सिल घासली आणि तो छाप तिलकच्या हातात दिला.

"घ्या. तुमचा माल."

तिलक कागदाकडे पाहत होता. "चूक झाली," तो पुटपुटला.

"काय म्हणाले? ऐकू नाही आलं." धर्मेंद्र शांतपणे म्हणाला. "परवाचं खूप स्पष्ट ऐकू आलं होतं. सगळ्यांना."

"काल," चुन्नीलाल म्हणाला. "कल की बात है." कुणीतरी त्याला कोपर मारलं.

तिलकची मान वर येईना. रुख्माबाईंना वाटलं, हा आता गाडीत बसेल आणि सगळं संपेल. पण त्याने मागे पाहिलं. सोनिका गाडीतून उतरलीच नव्हती. काच खाली करून, भावाकडे रोखून पाहत बसली होती. तिलक सरळ उभा राहिला आणि पूर्ण गॅरेजला ऐकू जाईल असं म्हणाला, "मी याले चोर म्हटलं. हा चोर नाई. मी न पाहता बोललो. माझं चुकलं."

धर्मेंद्रने नुसती मान हलवली. रागातली, की मान्य केल्याची, ते कळत नव्हतं. सगळेच अवघडून उभे होते. एवढ्यात मुन्नीबाई पुढे आल्या. सगळ्यांना वाटलं, आता म्हातारी पाया पडते की काय. धर्मेंद्रही घाबरून मागे सरकला.

"आणि तू रे?" मुन्नीबाईंनी चिंधीचा अंगठा त्याच्या नाकासमोर नाचवला. "तुले समजत नाई? घासलेलं लोखंड असं उघडं टाकून जातेत काय? दंवात? कामाचा माणूस आहेस ना तू? दोन बोटं ग्रीस लावाले काय झालं होतं? अन् ते खड्डे नाई, नंबर आहे, हे म्हातारीले सांगाले तोंड नव्हतं? हॉर्न वाजवून पाहिला, पाणी पेला आणि चालला!"

होणाऱ्या जावयाला असं कुणी बोलत नाही. जावयाला पाट मांडतात, पान लावून देतात. असं फक्त पोटच्या पोराला बोलतात.

धर्मेंद्रने मान खाली घातली. "चुकलं मामी."

"चुकलं तर चुकलं. हात धू. आणि लग्नात असे काळे हात घेऊन येजो नको, सांगून ठेवते."

त्याने मग दबक्या आवाजात विचारलं, "म्हणजे... लग्न आहे?"

"काऊन? मी नाई म्हटलं काय?" मुन्नीबाईंनी गाडीकडे वळून पाहिलं. "तिले विचार. तिचं आहे."

धर्मेंद्र हात पुसत खिडकीपाशी गेला. सोनिका त्याला काय म्हणाली ते कुणालाच ऐकू आलं नाही. रुख्माबाईंना विचारण्याची फार इच्छा झाली. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी प्रश्न गिळला आणि तिलकला म्हणाल्या, "चल, चहा घेऊ. काल माझा तसाच राहिला."